ओढ्याकाठची रानं विकली, डोह बुजला, मरळ गेली. तुमच्या शिवारात काय झालंय?

सीनाकाठ
मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहितोय. जरा लांबेल.

माझं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेपासून कोसभर आत. वरच्या माळावरून एक ओढा येतो, आमच्या रानाला वळसा घालतो आणि पुढं सीनेला मिळतो. त्या वळणावर डोह होता, म्हसोबाचा डोह. दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढा खोल. बहात्तरच्या दुष्काळातही तो पुरता आटला नव्हता, असं आजोबा सांगायचे. मृगाचा पाऊस झाला की सीनेतून मासे चढायचे आणि आम्ही पोरं चड्ड्या वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहायचो. उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला तरी डोहात मरळ असायची, वाम असायची. तेच बियाणं पुढच्या पावसाला पुन्हा ओढाभर व्हायचं.

आजोबांची १८ एकर आणि एक विहीर. मग तीन मुलांत सहा-सहा एकर. विहिरीच्या पाळ्या ठरल्या: प्रत्येकाला दोन दिवस आणि सातव्या दिवशी मोटर बंद, विहीर भरू द्यायची. हा सातवा दिवस कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडलाही जात नव्हता. आता आम्ही आठ चुलतभाऊ. आठ वाटण्या, आठ बोअर. विहिरीत पारवे राहतात.

दोन वर्षांपूर्वी दोघा भावांनी ओढ्याकाठची चार एकर शहरातल्या एका गृहस्थाला दिली. पैशाची गरज होती, मी त्यांना दोष देत नाही. नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं. यंदा गणपतीच्या सुमारास पावसानं ओढ दिली होती, तेव्हा पोकलेन लावून ओढ्याचं वळण सरळ केलं आणि डोहात मुरूम ढकलला. त्याच्या रानाला सलग अर्धा एकर मिळाली. परतीच्या पावसात पाणी आलं ते वळण नसल्यामुळं सरळ माझ्या पेरलेल्या ज्वारीत शिरलं.

आता तिसरा भाऊ त्याचा ओढ्याकाठचा तुकडा विकायचं म्हणतोय. खातं सामाईक आहे, माझी सही लागते. मला दोन गोष्टी विचारायच्यात. डोह आणि मासे गेले ते जमीन दुसऱ्याच्या हातात गेली म्हणून, की हे होणारच होतं? आणि मी सही करू का?

उजनीकर
सीनाकाठ, वाचून आमचं गाव आठवलं. आम्ही करमाळा तालुक्यातले, उजनीचे धरणग्रस्त. १९८० ला धरण पुरं झालं आणि वडिलांचं रान पाण्याखाली गेलं. आमच्याकडं तर मालक बदलून सरकारच मालक झालं.

धरणाचा साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) धरतात, पण त्यातले जवळजवळ ६३ मृत साठ्यातले, म्हणजे तळाशी राहणारे, कालव्याला न मिळणारे. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे मृत साठ्यात गेलं की पाणी मैलभर मागं सरतं आणि जुनी गावं, पांदी (शेतवाटा), विहिरींचे कठडे उघडे पडतात. तिथं गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी सुरू होते. कुणी सरकारी भाडेपट्ट्यानं करतं, कुणी जुन्या हक्कानं. ज्याचं रान बुडालं त्यानं त्याच गाळात चार महिने पीक घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. माझ्या वडिलांनी केलंय. पण पाणी पुन्हा चढतं तेव्हा ज्या काठावर गवत, लव्हाळा असायला हवा तिथं नांगरट असते. वरून तणनाशक. मासे अंडी कुठं घालणार?

दुसरं म्हणजे पाइपलाइनी. पाणी मागं गेलं की मोटर पुढं ओढायची, केबल वाढवायची. ज्याच्याकडं काठाला चार गुंठे आहेत त्याच्याकडं पाण्याची चावी. काठाचे चार गुंठे आतल्या चार एकरापेक्षा महाग जातात ते त्यामुळंच.

डाळिंबवाली
मी सांगोल्याची. थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका.

विकत घेणाऱ्यावर सगळं ढकलणं मला पटत नाही. आमच्या गावात एक गुंठा बाहेरच्या माणसाकडं गेलेला नाही, तरी ओढा कोरडा आहे. आम्हीच केलाय. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आलं, आम्ही पण घेतलं. कागद अंथरला, बोअरचं पाणी त्यात साठवलं, बाग जगवली. त्या तळ्यावर माझ्या दोन्ही मुलांचं शिक्षण झालं. शेजारच्या दीरांची दोन एकर पण आम्हीच घेतली आणि तिथं दुसरं तळं केलं.

आणि मासे म्हणाल तर आमच्या तळ्यात रोहू-कटला आहेत. दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडतो. म्हणजे मासे संपले नाहीत, जागा बदलली.

जीवशास्त्र_मास्तर
डाळिंबवालीताई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटला. पण शेवटच्या वाक्यावर बोलायला हवं, कारण तिथंच खरी मेख आहे.

तळ्यातला रोहू हे पीक आहे. डाळिंबासारखंच. तुम्ही बोटुकली आणली नाहीत तर पुढच्या वर्षी तळं रिकामं. रोहू, कटला, मृगळ हे मुळात उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्यात, उथळ काठावर अंडी घालणारे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण वितच नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी संप्रेरकाची सुई देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं, म्हणून आज आपल्याला बोटुकली मिळते. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

सीनाकाठ यांच्या डोहातल्या मरळीला सुई लागत नव्हती. तिला उथळ पाणी आणि पाणगवत लागतं. गवत बाजूला सारून घरटं करते, अंडी वर तरंगतात, नर-मादी राखण करतात. लालसर पिल्लांचा थवा वर येतो आणि खाली आईबाप फिरत असतात, हे डोहाकाठी वाढलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळं कमी पाण्यात, चिखलातही तग धरते. पण मुरमात नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडं येतो. उन्हाळ्यात डोहाला पाणी कुठून यायचं? वरून नाही, बाजूनं. काठच्या रानातला पाझर हळूहळू डोहात उतरायचा. विहिरीतलं आणि डोहातलं पाणी एकच. तुमच्या आजोबांचा तो सातवा दिवस विहिरीसाठी होता, तसा डोहासाठीही होता. आपल्या जिल्ह्यात पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, खाली काळा पाषाण. त्यात पाणी मावतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. आठ बोअर त्याच भेगांतून ओढायला लागले की पाझर डोहापर्यंत पोचतच नाही. म्हणजे पोकलेन यायच्या आधीच डोह आजारी होता. वाटणीनं आजारी पाडला, विक्रीनं संपवला. निदान मला तरी क्रम असा दिसतो.

जाळंवाला
आमी भोई. मास्तर म्हणत्यात ते खरं हाय. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही.

आमच्या नावावर कवा गुंठा नव्हता. सातबारा काय असतो ते माज्या बापाला ठावं नव्हतं. पर कोणचा डोह कुणाचा हे समद्याला ठावं होतं. जाळं टाकायला कुणाच्या बी बांधावरनं जायचो. शेतकऱ्याला दोन मासं द्यायचो, तो भाकरी द्यायचा. आता रानं इकली. तारा आल्या, गेट आलं, कुत्री आली. तळ्याचा ठेका आमच्या सोसायटीकडं हाय, पैसं भरल्यात, पर तळ्यापाशी जायाची वाट चार मालकांच्या रानातनं जाती. त्यातला एक म्हणतो, माज्या रानात पाय ठेवायचा नाही. पाणी सरकारचं, मासं आमचं, वाट त्याची. काय कराव?

आनि दुसरं. आमी नसलो की तळ्याला राखनदार नाही. बारीक जाळ्यानं पिल्लं बी वडून नेणारी रात्री येत्यात. आमी पावसाच्या सुरवातीला जाळं टाकत नाय, त्या टायमाला मासा अंड्यावर असतो.

बार्शीची_लेक
जाळंवालेदादा, वाटेची गोष्ट लिहिलीत ते फार बरं केलंत. हे खरंच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

खमंग
विषय गंभीर आहे, तरी मरळ म्हटल्यावर राहवत नाही. आमची आजी मरळीचं कालवण काळ्या तिखटात करायची, वरून भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि चुलीतला निखारा भांड्याखाली. कडक भाकरी चुरून. आता बाजारात जाल तिथं चिलापी (तिलापिया).

उजनीकर
@खमंग, चिलापीला नावं ठेवू नका, आमच्याकडं कित्येक चुली तिच्यावर पेटतात. भिगवणच्या बाजारात पहाटे बघा जाऊन.

जीवशास्त्र_मास्तर
चिलापीचा विषय निघाला ते चांगलं झालं, कारण ती याच कथेचा भाग आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ मध्ये आणला. मादी अंडी तोंडात धरून उबवते. म्हणजे तिला ना चढण लागते, ना वळण, ना काठचं गवत. आपण ओढे सरळ केले, काठ नांगरले, पाणी घाण केलं, आणि या सगळ्यात ज्याचं काहीच अडत नाही तोच मासा उरला. जाळ्यात नुसती चिलापीच येते तेव्हा ती आपल्याला काठाची हकिगत सांगत असते.

कोरडवाहू
सगळं वाचलं. डोहाच्या आठवणी गोड आहेत, पण जिरायत शेतकऱ्यानं जमीन का विकली ते कुणी विचारलं नाही.

मी विकली. मंगळवेढ्याच्या बाजूची तीन एकर. ज्वारीचं रान, नंबर एक काळी. आईचं ऑपरेशन होतं आणि सोसायटीचं कर्ज थकलं होतं. घेणारा नोकरदार होता, रोख देत होता. त्या दिवशी मला मासा आठवला नाही आणि आठवायला हवा होता असं मला आजही वाटत नाही. पर्यावरणाचा भार दरवेळी सगळ्यात अडचणीत असलेल्या माणसाच्या सहीवर टाकू नका.

सीनाकाठ, तुमच्या भावाची अडचण काय आहे ते आधी विचारलंत का?

सीनाकाठ
कोरडवाहू, तुमचं म्हणणं लागलं आणि ते बरोबर आहे. विचारलं नव्हतं. आज जाऊन बसलो. मुलीचं लग्न आणि पंपाचं थकलेलं बिल. सगळी जमीन विकायची त्याचीही इच्छा नाही. पण ओढ्याकाठच्या तुकड्यालाच गिऱ्हाईक आहे, वरच्या माळाला नाही.

मूळचा_बार्शीचा
मी इतके दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो, कारण या धाग्यात ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूस मी आहे. म्हणजे सीनाकाठ यांच्या शेजारचा नव्हे, पण तसाच. पुण्यात नोकरी, बार्शी तालुक्यात ओढ्यालगत तीन एकर घेतली. आजोबांच्या नावे जमीन होती म्हणून शेतकरी असल्याचा दाखला निघाला, नाहीतर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळं घेताच आली नसती.

पहिल्या वर्षी मीही कुंपणच घातलं. का, तर दलालानं सांगितलं की कुंपण घाला नाहीतर लोक घुसतात. ओढ्यालगतची बाभळी-करंजाची राई 'साफ' करून घेतली. मला ते तण वाटलं होतं. पुढच्या पावसात काठ ढासळला आणि माझंच पाच-सात गुंठे रान वाहून गेलं. मग गावातल्या एका वृद्ध शेतकऱ्यानं हात धरून दाखवलं की हा करंज का होता, ही जागा कुठल्या पाण्याची आहे. आठवड्यातून नाही, महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला ओढा दिसत नाही, फक्त हद्द दिसते. आता वीस फूट पट्टा मोकळा सोडलाय, गेटला कुलूप नाही. करंज पुन्हा लावलेत, छातीएवढे झालेत.

सीनाकाठ, त्या गृहस्थाशी कुणी बोललंय का? पोकलेनवाल्याशी नव्हे, मालकाशी?

सातबारा
मी सोलापुरात वकिली करतो. महसुलाची कामं जास्त. नेमकं सांगतो.

ओढा, नाला, नदीपात्र यांची मालकी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणं शासनाची, कुणाचा कायदेशीर हक्क सिद्ध झाला असेल तेवढं सोडून. म्हणजे त्या गृहस्थानं चार एकर घेतली, ओढा घेतला नाही. गावनकाशावर ओढा कुठून कसा जातो ते दाखवलेलं असतं. भूमी अभिलेखकडून मोजणी मागवा. वळण नकाशात असेल तर तुमची बाजू भक्कम.

दुसरं, आणि हे तातडीचं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला कुणी बेकायदा अडथळा केला आणि त्यामुळं लगतच्या शेतीचं नुकसान झालं तर तहसीलदार तो अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. पण अर्ज सहा महिन्यांच्या आत हवा. पोकलेन गणपतीत आलं म्हणता, तर हातात फार दिवस नाहीत. ज्वारीचा पंचनामा झालाय का? नसेल तर शेजाऱ्यांच्या साक्षी, फोटो जमवा.

तिसरं, जाळंवाल्यांसाठी. रस्ता अडवल्याचा अर्ज तुमच्या सोसायटीच्या लेटरहेडवर तहसीलदारांकडं आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडं, दोन्हीकडं द्या. नकाशावर पांद असेल तर काम सोपं. गावतळी आणि सामाईक जागांवरच्या अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे. प्रकरण पंजाबातल्या एका गावतळ्याचं होतं, पण राज्यांना दिलेले आदेश देशभराचे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

डाळिंबवाली
वकीलसाहेब, अजून एक. आमच्या सासऱ्यांच्या खात्यावर आता चौदा नावं आहेत. नणंदांची, त्यांच्या मुलांची. कुणी मुंबईत, कुणी हैदराबादेत. जुन्या विहिरीचा गाळ काढायचा म्हटलं तर चौदा जणांना विचारायचं कुणी आणि खर्च मागायचा कुणाकडं? म्हणून जो तो स्वतःचं बोअर मारून मोकळा होतो. बोअरला कुणाला विचारावं लागत नाही.

सातबारा
ताई, हेच दुखणं आहे. त्यात २०२३ मध्ये तुकड्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. लोकांची सोय झाली, अडलेली खरेदीखतं मार्गी लागली. पण दहा गुंठ्याच्या मालकालाही पाणी स्वतःचं हवं असतं. विहिरीचा हिस्सा, पाळी, पाटाचा हक्क हे सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' नोंदवून घ्या म्हणून मी प्रत्येक वाटपपत्राच्या वेळी सांगतो. दहातले दोन ऐकतात.

माळरान
सगळा दोष मालकीचा नाही हो. आमच्याकडं (उत्तर सोलापूर) ओढ्याचा एकही मालक बदलला नाही. सरकारी कामातूनच नाला खोलीकरण झालं. सगळा ओढा एकसारखा, सरळ, खोल, गटारासारखा. पहिल्या वर्षी विहिरींना पाणी आलं, आम्ही पेढे वाटले. पण डोह, खडकातल्या कपारी, वाळूचे पट्टे सगळं गेलं. खेकडासुद्धा दिसत नाही. हातात यंत्र असलं आणि घाई असली की मालक कोण याला फार अर्थ उरत नाही.

जीवशास्त्र_मास्तर
माळरान, मान्य. पण तुमच्या हिप्परग्याच्या तलावाचंच घ्या. तोच एकरुख तलाव, १८७१ चा, आदिला नदीवरचा. दीडशे वर्षं टिकला, कारण भिंत एकाची, पाण्याचं वाटप एका हाताखाली. मोठ्या तलावाला वाली असतो. ओढ्यातला डोह कुठल्याच कागदावर नसतो. तो लोकांच्या येण्याजाण्यानं आणि ओळखीनंच राखला जातो. रानाचे मालक बदलले की ती ओळख पहिल्यांदा जाते. जाळंवाले आणि मूळचा_बार्शीचा दोघं दोन टोकांकडून तेच सांगतायत.

हत्तरसंगचा_नातू
विषयांतर होतंय, पण सीना आमच्या कुडलला भीमेला मिळते. तिथल्या देवळातला १०१८ सालचा मराठी शिलालेख बघायला लोक येतात, लेख बघून परत जातात. कुणी संगमावर उतरून पाणी बघत नाही. वर मोहोळात डोह बुजला की खाली आमच्याकडं चढणीचा मासा निघून जाणार कुठं? तुमचा डोह आमचा पण आहे, एवढंच सांगायचं होतं.

सीनाकाठ
दहा-बारा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः कोरडवाहू आणि सातबारा.

मूळचा_बार्शीचा यांनी सुचवलं तसं मालकाला फोन केला. माणूस वाईट नाही. वळण सरळ करा हे कंत्राटदारानं सुचवलं होतं, डोह म्हणजे त्याला खड्डा वाटला. लालसर पिल्लांचा थवा, दोन परस पाणी, हे सांगितल्यावर बराच वेळ गप्प होता. मुरूम काढायला तयार आहे, अर्धा खर्च देतो म्हणाला. तरी वकीलसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणं तहसीलला अर्ज टाकलाय, मोजणीचे पैसे भरलेत. तोंडी शब्दावर मुदत घालवायची नाही.

भावाचं असं ठरलं. ओढ्यालगतची वीस गुंठे मी आणि आणखी दोघं भाऊ मिळून घेतोय. बाजारभावानं, एक रुपया कमी नाही. वरचा तुकडा तो ठेवतोय. माझी दोन म्हशींची रक्कम त्यात गेली. सही केली, पण आमच्याच नावावर. आणि विहिरीतले पारवे हुसकून गाळ काढायचं आठातल्या पाच जणांनी कबूल केलंय. सातवा दिवस पुन्हा पाळायचा का यावर भांडण चालू आहे, तिघं अजून तयार नाहीत.

जाळंवालेदादा, डोह उकरताना काय सांभाळायचं?

जाळंवाला
तळाचा कातळ फोडू नका, नुसता मुरूम वडा. कातळ फुटला की पाणी खाली जातंय. एका अंगाला उतार ठेवा, समदीकडनं उभा काप नको, मरळीला उथळ लागतंय. मोठी दगडं टाका आत, वाम कपारीत बसती. काठाचं लव्हाळं काढू नका, नसंल तर सीनेतनं गड्डं आणून लावा. मासा सोडाया जाऊ नका, पाणी लागलं की त्यो आपसूक वर चढंल. वाटंत कुठं बंधारा हाय का ते आधी बघा, उंच असंल तर चढत नाही.

पोकलेन कवा येणार ते कळवा. मी येतो. गेट उघडं ठेवा.